हिमनगाला देश नसतो

एसएस तिलावा या जहाजाला आता सर्रास 'भारताचं टायटॅनिक' म्हटलं जातं. बातम्यांचे मथळे, व्हिडिओ, स्मरणलेख, सगळीकडे हीच उपमा. तिचा उपयोग आहे, हे मान्य. आमच्या कोपरगावात गोदावरी आहे, समुद्र नाही. इथं वाढलेल्या माझ्या पिढीला जहाज बुडणं म्हणजे जेम्स कॅमेरॉनचा १९९७चा सिनेमाच. 'टायटॅनिक' म्हटलं की वाचणारा थांबतो. पण थांबलेल्या वाचकाला ही उपमा भलत्याच वाटेला लावते, अशी माझी तक्रार आहे.

आधी घटना. २० नोव्हेंबर १९४२ रोजी तिलावा मुंबईहून आफ्रिकेकडे निघालं. जहाजावर ९५८ माणसं होती, त्यांतले ७३२ प्रवासी. बहुतेक जण पोटापाण्यासाठी पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत जाणारे भारतीय. २३ तारखेला रात्री उशिरा, पहाटेपूर्वी, आय-२९ या जपानी पाणबुडीनं टॉर्पेडो मारला. जहाज लगेच बुडालं नाही. होड्यांत उतरलेले काही जण परत वर चढू लागले होते, तेवढ्यात दुसरा टॉर्पेडो आदळला. २८० जण गेले. वाचलेल्यांपैकी बहुतेकांना एचएमएस बर्मिंगहॅम या ब्रिटिश युद्धनौकेनं उचललं.

आता उपमेकडे. टायटॅनिक हिमनगावर आदळलं. तिथं दोष वेगाचा, अपुऱ्या होड्यांचा, बेफिकिरीचा. तिलावावर कुणीतरी नेम धरला होता, तोही दोनदा. जहाजावर तोफ होती, चांदी होती, युद्ध चालू होतं. पाणबुडीची बाजू मांडायची तर हे मुद्दे मांडता येतात. पण दुसऱ्या टॉर्पेडोचं काय, हा प्रश्न तरीही उरतो. हिमनगाला असा प्रश्न विचारता येत नाही.

आमच्या कामात व्हेरिएबलला चुकीचं नाव दिलं तरी प्रोग्राम चालतो. फसतो तो पुढचा वाचणारा. इथंही तेच होतं. सिनेमाची सुरुवात बुडालेल्या हिऱ्याच्या शोधानं होते, आणि तिलावावरचं लिखाणही पाहता पाहता चांदीकडे वळतं. दक्षिण आफ्रिकेसाठी चाललेल्या २,३९१ विटा, त्यांतल्या २,३६४ विटा २०१७ साली समुद्रतळातून काढल्या, मग ब्रिटनमध्ये खटला, आणि २०२४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा दक्षिण आफ्रिकेच्या बाजूनं निकाल. गोष्ट रंजक आहेच. पण खजिना म्हटला की माणसं मागच्या रांगेत जातात.

या उपमेची सगळ्यांत मोठी सोय वेगळी आहे. २८ एप्रिल १९४३ रोजी, मादागास्करजवळच्या समुद्रात, नेताजी सुभाषचंद्र बोस जर्मन पाणबुडीतून एका जपानी पाणबुडीत आले. ती हीच आय-२९. तिलावा बुडून जेमतेम पाच महिने झाले होते. नेताजींचा तो प्रवास आपण शौर्यकथा म्हणून ऐकत आलो, आणि तो धाडसाचा होताच. पण त्यांना घेऊन जाणाऱ्या पाणबुडीनं शेकडो भारतीयांचा जीव घेतला होता, हे त्या कथेत बसत नाही. यातून नेताजींना दोषी ठरवायचं कारण नाही. दोन्ही गोष्टी एकाच पाणबुडीच्या आहेत, एवढंच. 'टायटॅनिक' म्हटलं की पाणबुडीच गोष्टीतून निघून जाते, आणि ही अडचणही तिच्यासोबत जाते.

उपमाच हवी असेल तर लुसिटानियाची घ्यावी. ७ मे १९१५ रोजी आयर्लंडजवळ हे प्रवासी जहाज बुडालं, सुमारे १,२०० माणसं गेली. आणि ते कुणी बुडवलं, हे सोडून ती गोष्ट कुणी सांगत नाही. तिलावाच्या गोष्टीतही आय-२९ हे नाव पहिल्याच परिच्छेदात यायला हवं. आणि नेताजींच्या त्या प्रवासाच्या गोष्टीत, निदान एका ओळीत, तिलावाचं.