नव्वदावं पर्सेंटाइल, पण कुणाच्या तुलनेत?

मार्च 2023 मधली गोष्ट. माझी मामेबहीण तेव्हा न्यूयॉर्कच्या बार परीक्षेच्या निकालाची वाट बघत होती. पुण्यात एलएलबी, तिकडे एलएलएम, आणि जुलै 2022 मध्ये पहिला प्रयत्न. न्यूयॉर्कला 400 पैकी 266 लागतात, ती थोडक्यात राहिली. फेब्रुवारीत पुन्हा बसली. निकाल लागायच्या आतच बातमी आली की जीपीटी-4 बार परीक्षा पास झालं, तेही नव्वदाव्या पर्सेंटाइलने. ताईचा मेसेज आला, "तू रिसर्चवाली ना? मग सांग, मी आठ महिने काय करत होते?"

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. मी सेन्सरवर काम करते, कायद्यातलं मला काही कळत नाही. पण तो आकडा डोक्यात राहिला. नंतर मूळ पेपर वाचला, मग त्यावरची टीका वाचली. पीएचडीच्या तयारीत असलेल्या प्रत्येकाने ही जोडी वाचावी असं माझं मत आहे. कायद्यासाठी नाही, आकडा कसा वाचायचा यासाठी.

आधी परीक्षा समजून घेऊ

अमेरिकेत वकिली करायची तर लॉ स्कूलनंतर राज्याची बार परीक्षा द्यावी लागते. बऱ्याच राज्यांनी यूबीई नावाची समान परीक्षा स्वीकारली आहे. ती दोन दिवस चालते. एक दिवस एमबीई: 200 बहुपर्यायी प्रश्न, सहा तास, म्हणजे प्रश्नाला दोन मिनिटंही नाहीत. विषय सात: करार, टॉर्ट, संविधान, फौजदारी कायदा, पुरावा, स्थावर मालमत्ता आणि दिवाणी प्रक्रिया. उरलेला एक दिवस लेखी काम: अर्ध्या-अर्ध्या तासाचे सहा निबंध आणि दीड-दीड तासाची दोन प्रात्यक्षिकं. प्रात्यक्षिकात कागदपत्रं आणि लागणारा कायदा हातात देतात, त्यावरून मेमो किंवा पत्र लिहायचं. एमबीईला निम्मं वजन, निबंधांना 30 टक्के, प्रात्यक्षिकांना 20.

आपल्याकडच्या एआयबीईशी तुलना केली तर फरक लगेच दिसतो. तिथे 100 बहुपर्यायी प्रश्न, बेअर अ‍ॅक्ट सोबत नेता येतात आणि प्रश्न फक्त पास की नापास एवढाच. यूबीईत पाठांतर तर लागतंच, शिवाय ते वेळेत कागदावर उतरवावं लागतं. ताई म्हणायची, "फ्लॅशकार्डवर मी राणी, निबंधात रडले." हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

दावा काय होता

कॅट्झ, बोमॅरिटो, गाओ आणि अ‍ॅरेडोंडो या चौघांचा पेपर मार्च 2023 मध्ये प्रीप्रिंट म्हणून आला. दावा असा, की जीपीटी-4 ला सुमारे 297 गुण मिळतात, आणि ते यूबीई घेणाऱ्या सगळ्या राज्यांच्या पासिंग लाइनच्या बरेच वर आहेत. बहुपर्यायीत सातपैकी पाच विषयांत त्याने माणसांच्या सरासरीला मागे टाकलं. याच सुमारास ओपनएआयच्या तांत्रिक अहवालात 298 गुण आणि 'साधारण नव्वदावं पर्सेंटाइल' असं छापून आलं. बातम्यांनी उचललं ते हे दुसरं.

पेपरचं श्रेय आधी देऊ. यापूर्वीचं काम मुख्यतः बहुपर्यायी प्रश्नांपुरतं होतं, यांनी निबंध आणि प्रात्यक्षिकंही घेतली. प्रश्न नीट मांडला, भागांनुसार गुण दिले. त्यामुळेच दुसऱ्या कुणाला तो तपासता आला. तपासता येतो तो पेपर चांगला, हे आपण विसरतो.

गडबड कुठे आहे

एरिक मार्टिनेझ या संशोधकाने हाच निकाल पुन्हा तपासला. त्याचा पेपर 2024 मध्ये 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स अँड लॉ' या जर्नलमध्ये आला. त्याचा मुद्दा इतका साधा आहे, की वाचल्यावर वाटतं, हे आपल्याला का सुचलं नाही?

पर्सेंटाइल काढायला एक गट लागतो. सीईटी दिलेल्यांना हे सांगायला नको. तुमचे गुण तेच राहतात, सोबत बसलेली मुलं बदलली की पर्सेंटाइल बदलतं. इथला नव्वदीच्या आसपासचा आकडा इलिनॉय राज्याच्या फेब्रुवारीच्या परीक्षांच्या आकडेवारीवरून काढला की जुळतो. आता फेब्रुवारीत कोण बसतं? लॉ स्कूल संपतं मे महिन्यात, ताजे पदवीधर बसतात जुलैमध्ये. फेब्रुवारीत मोठा वाटा असतो जुलैमध्ये राहिलेल्यांचा. एमबीईची देशभराची सरासरी जुलै 2022 ला 200 पैकी 140.3 होती, फेब्रुवारी 2023 ला 131.1. हे गुण स्केल्ड असतात, पेपर सोपा-अवघड निघाल्याचा फरक त्यात आधीच काढून टाकलेला असतो. म्हणजे नऊ गुणांची ही घसरण पेपरची नाही, बसणाऱ्यांची आहे.

मार्टिनेझने गट बदलत नेले. तेच गुण जुलैच्या गटात ठेवले तर पर्सेंटाइल 69 च्या खाली, निबंधांत सुमारे 48. फक्त पहिल्यांदा बसणाऱ्यांशी तुलना केली तर साधारण 62, निबंधांत 42. आणि जे पास झाले, म्हणजे जे खरोखर वकील होणार, त्यांच्याशी तुलना केली तर एकूण 48, निबंधांत सुमारे 15.

गुण 298 चे 298 च राहिले. फक्त 'कुणाच्या तुलनेत' हे बदललं आणि नव्वदाचे अठ्ठेचाळीस झाले.

मला खरं लागलं ते वेगळंच. नव्वदाव्या पर्सेंटाइलच्या खाली जी माणसं होती ती कोण? ताईसारखी. एकदा पडून पुन्हा बसलेली, बरीचशी नोकरी सांभाळून अभ्यास करणारी. त्यांच्या पुढे जाण्याला 'वकिलांच्या पुढे गेलं' असं म्हटलं गेलं, आणि ते वाचून ताईसारख्याच मुली रात्री मेसेज करत बसल्या.

निबंधांचं काय

दुसरा मुद्दा गुण देण्याचा. बहुपर्यायीत उत्तर बरोबर किंवा चूक, वाद नाही. मार्टिनेझलाही एमबीईचा गुण पुन्हा तसाच मिळाला. निबंधांचं तसं नाही. तिथे प्रशिक्षित परीक्षक ठरलेल्या पद्धतीने गुण देतात, इथल्या निबंधांना ती पद्धत लावली गेली नव्हती. म्हणून निबंधांच्या गुणांवर, आणि पर्यायाने 298 या आकड्यावरही, मार्टिनेझ प्रश्नचिन्ह लावतो. ओळख लपवून, बाहेरच्या परीक्षकांकडून, माणसांच्या उत्तरांत मिसळून तपासलं असतं तर निकाल कसाही लागो, मी तो मान्य केला असता.

आणि मुख्य म्हणजे वकिलाचं रोजचं काम लिहिण्याचं. मशीन कमी पडतं ते तिथेच, आणि ताईही तिथेच अडली होती. पण दोघांच्या अडण्याचा अर्थ एक नाही. माणसाला परीक्षेत चांगले गुण मिळाले, तर त्यामागे वाचन, तर्क, अशिलाचा प्रश्न समजणं अशा काही क्षमता असाव्यात असं आपण धरून चालतो. हे गृहीतक माणसांसाठी बनलेलं आहे. मशीनला तीच फूटपट्टी लावायची तर ते गृहीतक तिथेही चालतं का, हे आधी दाखवावं लागतं. 'पास झालं' यावरून 'वकिली करू शकेल' इथपर्यंतचा पूल दोन्हींपैकी कुणीच बांधलेला नाही.

मार्टिनेझलाही सूट नको. पहिल्यांदा बसणाऱ्यांचे आणि पास झालेल्यांचे त्याचे आकडे सांख्यिकी गृहीतकांवर उभे आहेत, ते अंदाज आहेत. 48 म्हणजे नेमके 48 असं समजून उद्या कुणी मिरवलं, तर आपण पुन्हा त्याच खड्ड्यात.

आपल्यासाठी काय

माझ्या पहिल्या वर्षी मी गाइडना अभिमानाने सांगितलं होतं, "सर, माझा सेन्सर तिप्पट संवेदनशील आहे." सरांनी चहाचा कप खाली न ठेवता विचारलं, "कुणापेक्षा?" मी तुलना केली होती ती लॅबमधल्या सर्वांत जुन्या, खराब झालेल्या सेन्सरशी. तो दिवस अजून आठवतो. म्हणून पेपर वाचताना मी आता चार प्रश्न समासात लिहिते:

1. हा आकडा कुणाच्या तुलनेत आहे? तो गट कुणी निवडला?
2. गट बदलला तर आकडा किती हलतो?
3. गुण कुणी दिले, आणि देणाऱ्याला उत्तर कुणाचं ते माहीत होतं का?
4. मोजलं ते एक आणि निष्कर्ष काढला तो दुसऱ्याचाच, असं तर नाही ना?

आजच हातातल्या कुठल्याही पेपरवर करून बघा. सारांश वाचून थांबू नका, तक्त्याखालची बारीक अक्षरं वाचा. फेब्रुवारी तिथेच लपलेला असतो.

ताई एप्रिलमध्ये पास झाली. दुसऱ्या वेळी तिने नोट्स वाचणं कमी केलं आणि रोज घड्याळ लावून एक निबंध लिहिला. मार्टिनेझचा पेपर मी तिला पाठवला तेव्हा तिचं उत्तर एवढंच होतं: "म्हणजे मी ज्या गटात होते तो गट मोजलाच नाही, वापरला." पीअर रिव्ह्यूसाठी याहून नेमकं वाक्य मला अजून लिहिता आलेलं नाही.