लाकडाची उपमा आणि दंतवैद्याचा हात : हाडाच्या स्पर्शज्ञानाच्या अध्यापनाची चिकित्सा

गमावलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर कृत्रिम दात उभारणे, म्हणजे दंतरोपण. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णावर हा उपचार केला. हाड आणि टायटॅनियम यांचा थेट संयोग होतो, हे त्यामागील मूळ निरीक्षण. हा संयोग पूर्ण होईपर्यंत स्क्रू हलता कामा नये, आणि तो आरंभी किती घट्ट बसेल हे बऱ्याच अंशी हाडाच्या प्रतीवर अवलंबून असते. ही प्रत शल्यचिकित्सकाने छिद्र पाडताना हाताने ओळखावी, अशी अपेक्षा आहे. ही ओळख ज्या भाषेत शिकविली जाते, त्या भाषेचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

लेखोल्म व झार्ब यांनी १९८५ मध्ये हाडाचे चार प्रकार मांडले. बाहेरील घन कवच आणि आतील जाळीदार भाग यांचे परस्पर प्रमाण हा त्यांचा आधार होता. १९८८ मध्ये अमेरिकेतील कार्ल मिश यांनी चार प्रतींची आपली श्रेणी मांडली आणि तिला स्पर्शाची जोड दिली. त्यांच्या मते डी-१ हाडात ड्रिल चालविणे हे ओक किंवा मेपल लाकडात चालविण्यासारखे, डी-२ मध्ये पांढऱ्या पाइनसारखे किंवा स्प्रूससारखे, डी-३ मध्ये बाल्सासारखे आणि डी-४ मध्ये स्टायरोफोमसारखे, म्हणजे आपल्याकडील थर्मोकोलसारखे वाटते. या उपमा जगभरच्या दंतमहाविद्यालयांत आज पाठ केल्या जातात. चार शब्दांत चार अनुभव पकडण्याची त्यांची किमया नाकारता येणार नाही.

तथापि, उपमेचे बळ उपमानाच्या परिचयावर असते. महाराष्ट्रातील ज्या विद्यार्थ्याने बाल्सा कधी हातात धरलेला नाही, त्याला 'डी-३ म्हणजे बाल्सा' असे सांगणे हे अज्ञाताने अज्ञाताचे स्पष्टीकरण होय. तो ते परीक्षेत अचूक लिहितो. त्याच्या बोटांपर्यंत मात्र त्यातले काही पोहोचत नाही. येथे देशी पर्याय सहज सुचतात : सागवान, देवदार, आणि सावंतवाडीची खेळणी ज्यापासून परंपरेने घडविली गेली तो मऊ पांगारा. (बाल्सा हा आपल्या सावरीचाच कुळबंधू आहे, हे वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्यांना ठाऊक असेलच.) सुताराच्या कार्यशाळेत एक दुपार घालविणे हा अभ्यासक्रमाचा भाग का असू नये, हा प्रश्न विनोदाने विचारलेला नाही.

परंतु केवळ लाकूड बदलल्याने मूळ अडचण सुटत नाही. लाकडाचा ठोकळा वरपासून खालपर्यंत जवळपास एकजिनसी असतो. जबड्याचे हाड तसे नसते. ड्रिल प्रथम कवचाला भिडते, ते भेदताच प्रतिकार एकाएकी ढासळतो, पुढे जाळीदार भागात तो कमीअधिक होत राहतो आणि कदाचित तळाशी पुन्हा कवच लागते. अनुभवी हात हा चढउतार वाचतो. श्रेणी मात्र त्या साऱ्या प्रवासाला एकच अक्षर आणि एकच अंक देते. मिश यांच्या श्रेणीचा हा सर्वांत मोठा दोष मानावा लागेल. तिने स्पर्शाला नाव दिले, पण त्यातील क्रम गाळला.

दुसरा आक्षेप प्रत्यक्ष पुराव्याचा आहे. त्रिसी व राव यांनी १९९९ मध्ये शल्यचिकित्सकाच्या हाताने लावलेली प्रत आणि त्याच जागेच्या हाडाच्या नमुन्याची सूक्ष्मदर्शकाखालील मोजणी यांची तुलना केली. अतिकठीण डी-१ आणि अतिमऊ डी-४ हाताला कळतात. मधल्या डी-२ व डी-३ यांतील भेद मात्र विश्वासार्हपणे कळत नाही, असे त्यांना आढळले. म्हणजे चार उपमांपैकी दोन टोकांच्या उपमा ज्ञान देतात आणि मधल्या दोन ज्ञानाचा आभास. तरीही वर्गात चारही सारख्याच आत्मविश्वासाने शिकविल्या जातात.

टोकांची ओळख अचूक असणे किती महत्त्वाचे आहे, हे जॅफिन व बर्मन यांनी १९९१ मध्ये दाखविले. ब्रोनेमार्क पद्धतीच्या १०५४ रोपणांपैकी पहिल्या तीन प्रकारांच्या हाडात सुमारे ३ टक्के, तर चौथ्या प्रकारात ३५ टक्के रोपणे अयशस्वी ठरली. ती त्या काळच्या गुळगुळीत पृष्ठभागाची होती. खडबडीत पृष्ठभागाच्या रोपणांनी हे अंतर पुष्कळ कमी केले आहे. परंतु मऊ हाड वेळीच ओळखले, तरच शेवटचे ड्रिल वगळून छिद्र अरुंद ठेवता येते आणि भार देण्यापूर्वी अधिक काळ थांबता येते. कठीण हाडात धोका उलटा असतो. घर्षणाने हाड तापते, आणि सुमारे ४७ अंश सेल्सिअस तापमान एक मिनिट टिकले तरी त्याला इजा होते.

शिवाय हात जे जाणतो ते केवळ हाडाचे नसते. बोथट झालेले ड्रिल मऊ हाडही कठीण भासविते. वरच्या जबड्याच्या मागील भागात डी-४ असणार, हे पाठ असलेल्या विद्यार्थ्याच्या हाताला तेथे डी-४च 'लागते'. जागा ठाऊक असताना दिलेला निर्णय स्पर्शाचा की पाठांतराचा, हे परीक्षकाने तरी कसे ठरवावे?

रोपण बसविताना लागणारे पीळबळ न्यूटन-सेंटिमीटरमध्ये दाखविणारी यंत्रे आता उपलब्ध आहेत, म्हणून स्पर्श शिकविण्याची गरज उरली नाही, असा युक्तिवाद केला जातो. तो मान्य होण्यासारखा नाही. हा आकडा रोपण आत जात असताना मिळतो. तोवर छिद्राचा व्यास ठरून गेलेला असतो. त्याआधीचा निर्णय हातालाच घ्यावा लागतो. मायकेल पोलानी यांनी १९६६ मध्ये 'द टॅसिट डायमेन्शन'मध्ये ज्या अव्यक्त ज्ञानाची मीमांसा केली, त्याच जातीचे हे ज्ञान आहे. मात्र शब्दांत पूर्ण मांडता येत नाही म्हणून ते तपासताही येत नाही, असे नव्हे.

यासाठी यंत्राचा उपयोग हाताचा परीक्षक म्हणून करता येईल. वेगवेगळ्या घनतेच्या पॉलियुरेथेन फोमचे, वर कठीण थर चिकटविलेले ठोकळे सरावासाठी मिळतात. त्यांवरील खुणा झाकून विद्यार्थ्याने ड्रिल चालवावे, कोठे काय जाणवले हे क्रमाने सांगावे, आपला अंदाज लिहून द्यावा, आणि त्यानंतरच त्याला पीळबळाचा आकडा दाखवावा. आकडा आधी दिसला तर हात त्याच्याशी जुळवून घेतो आणि शिकणे थांबते. अंदाजाच्या वहीत ते ड्रिल आजवर किती वेळा वापरले गेले, याचाही रकाना असावा.