असमकालिक कार्यरांग आणि 'समांतर' या शब्दाची दिशाभूल

घटनाचालित आज्ञावलीविषयी शिकविताना 'असमकालिक' आणि 'समांतर' हे दोन शब्द अनेकदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. ही केवळ परिभाषेची ढिलाई नव्हे. तिच्यामुळे विद्यार्थ्याच्या मनात यंत्राच्या कार्यपद्धतीचे चित्रच चुकीचे उमटते.

ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये घडविलेली जावास्क्रिप्ट ही भाषा आणि ती सर्व्हरवर चालविणारी रायन डाल यांची नोड.जेएस ही २००९ मधील प्रणाली, या दोहोंत आज्ञावली मूलतः एकाच थ्रेडवर चालते. नेटवर्ककडून उत्तर येईपर्यंतची प्रतीक्षा बाहेर सोपविली जाते. उत्तर आले की पुढील काम रांगेत उभे राहते आणि हातातील काम संपल्यावरच उचलले जाते. म्हणजे प्रतीक्षा एकाच वेळी अनेक चालतात, आकडेमोड मात्र एकामागून एकच होते.

हा भेद किती महागात पडू शकतो, हे एका कल्पित उदाहरणावरून स्पष्ट होईल. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी पिकाची नोंद छायाचित्रासह मोबाईलवरून करू लागला. भोकरदन तालुक्यातील हसनाबादसारख्या गावांतून मुदतीच्या शेवटच्या दिवशी हजारो नोंदी नोड.जेएसमधील एखाद्या आज्ञावलीकडे आल्या, असे समजा. (प्रत्यक्ष प्रणालीची रचना येथे अभिप्रेत नाही.) 'फॉरईच'मध्ये 'अवेट' लिहिणारा विद्यार्थी निर्धास्त असतो, परंतु 'फॉरईच' कोणासाठीच थांबत नाही. नोंदी साठविल्या जाण्यापूर्वीच 'नोंद झाली' हा संदेश शेतकऱ्याच्या हाती पडतो. 'प्रॉमिस.ऑल'ने सर्व कामे एकदम सोडली तर डेटाबेसच्या जोडण्या अपुऱ्या पडतात, आणि एक नोंद फसताच संपूर्ण गठ्ठा अयशस्वी ठरतो; बाकीची कामे मागे चालूच राहतात, पण त्यांचा हिशेब कोणी ठेवत नाही.

'अवेट' २०१७ च्या प्रमाणात आले. त्याची सुबक वाक्यरचना हाच अध्यापनाचा मुख्य विषय ठरतो, आणि रांगेला मर्यादा घालण्याचा मुद्दा मागे पडतो. एका वेळी पाच कामे, एक संपले की पुढचे, एवढ्या साध्या नियमाने वरील कोंडी बरीच सुटते. छायाचित्र लहान करण्याचे जड काम मात्र वेगळ्या थ्रेडकडेच द्यावे लागते. शिवाय केवळ स्मृतीत ठेवलेली रांग आज्ञावली बंद पडताच नाहीशी होते, म्हणून ती डेटाबेसात हवी. फसलेले काम पुन्हा करताना तीच नोंद दोनदा होऊ नये, यासाठी प्रत्येक नोंदीला मोबाईलवरच स्वतंत्र क्रमांक द्यावा लागतो.