अजामिळाचे उरलेले आयुष्य

मेल्यानंतर माणसाची गत श्रद्धेने ठरते की वर्तनाने, या प्रश्नाचे उत्तर आपल्यापैकी बहुतेकांनी शास्त्रग्रंथांत शोधलेले नसते. ते कथांतून आपल्यापर्यंत पोचलेले असते. त्या कथांपैकी सर्वांत लाडकी अजामिळाची. मराठी अभंगांत गजेंद्र, गणिका आणि अजामिळ ही नावे हातात हात घालून येतात. कन्नड दासरपदांतही अजामिळ आहेच. त्यामुळे सीमाभागातल्या माणसाला तो दोन्ही भाषांतून भेटतो.

कीर्तनात ऐकलेली कथा थोडक्यात अशी. अजामिळ महापापी. मरणसमयी यमदूत दिसताच भिऊन त्याने धाकट्या मुलाला हाक मारली. मुलाचे नाव नारायण. नाव उच्चारताच विष्णुदूत धावून आले आणि त्याचा उद्धार झाला. येथे टाळ वाजतात, बुक्का लागतो आणि आपण घरी येतो. येताना एक निष्कर्षही घेऊन येतो : जन्मभर काहीही केले तरी शेवटी नाव ओठांवर आले की झाले. हा निष्कर्ष कथेत खरोखर आहे काय, एवढेच मला येथे तपासायचे आहे.

मूळ कथा भागवताच्या सहाव्या स्कंधाच्या आरंभी येते. तिच्याआधी, पाचव्या स्कंधाच्या अखेरीस, अठ्ठावीस नरकांचे वर्णन आहे. ते ऐकून परीक्षिताने विचारलेला प्रश्न मोठा मार्मिक आहे. प्रायश्चित्त घेऊन माणूस पुन्हा तेच पाप करणार असेल, तर ते हत्तीच्या अंघोळीसारखे नव्हे काय? हत्ती नदीत डुंबतो आणि काठावर येऊन अंगावर धूळ उडवून घेतो. म्हणजे कथेला तोंड फुटते तेच वर्तनाच्या प्रश्नाने. शुकाचार्यांनी अजामिळ सांगितला तो या शंकेवर.

हा अजामिळ कान्यकुब्जाचा. आधी तो विद्वान, सत्यवचनी, मृदू स्वभावाचा होता. वडिलांच्या सांगण्यावरून फळे-फुले, समिधा, दर्भ आणायला रानात गेला असता एका दासीच्या मोहात पडला. आईवडील आणि तरुण पत्नी यांना त्याने टाकले. जुगार, चोरी, फसवणूक यांवर नवा संसार चालविला. त्याला दहा मुलगे झाले. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी यमदूत आले, तेव्हा ती प्रसिद्ध हाक त्याच्या तोंडून निघाली.

मग दोन्हीकडच्या दूतांत वाद होतो. यमदूत धर्माधर्माचा हिशेब मांडतात. विष्णुदूत सांगतात की नकळत घेतलेले नामही पाप जाळते. नामाचा पक्ष भागवताने येथे नि:संदिग्धपणे उचलून धरला आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण कथानक पुढे काय करते, ते पाहा. अजामिळ त्या क्षणी वैकुंठाला जात नाही. तो जिवंत राहतो. दूतांचा संवाद त्याने ऐकलेला असतो आणि त्याला पश्चात्ताप होतो. म्हाताऱ्या आईवडिलांना दुसरा आधार नसताना आपण टाकले, निरपराध पत्नीला टाकले, ही नेमकी कृत्ये त्याला आठवतात. मग तो गंगाद्वारी, म्हणजे हरिद्वारी जातो, साधना करतो, आणि त्यानंतर देह ठेवतो. वैकुंठ येते ते तेव्हा.

या उत्तरार्धाविना परीक्षिताच्या शंकेला उत्तरच मिळत नाही. हत्तीने पुन्हा धूळ उडवून घेतली नाही, हे त्यातूनच कळते. नामाने त्याला मिळाली ती सवड. त्या सवडीत काय करायचे, हे त्याच्यावर सोपविले होते. कथेचा एवढा भाग गाळला की दयेची कथा पळवाटेची कथा होते.

ज्याला अशी सवड मिळालीच नाही, त्याचे काय? लूकच्या शुभवर्तमानातील कथा नेमकी तशी आहे. येशूबरोबर क्रुसावर चढविलेल्या दोन अपराध्यांपैकी एक त्याची टिंगल करतो. दुसरा त्याला दटावतो, आपली शिक्षा योग्यच आहे आणि हा मनुष्य मात्र निर्दोष आहे असे म्हणतो, आणि मग माझी आठवण ठेव अशी याचना करतो. त्याला त्याच दिवशी स्वर्गाचे वचन मिळते. ही केवळ श्रद्धा म्हणता येईल काय? हातपाय जखडलेल्या माणसाला करता येण्याजोगी दोनच सत्कृत्ये उरली होती : स्वत:चा अपराध कबूल करणे आणि निरपराध्याची बाजू घेणे. ती दोन्ही त्याने केली.

गोव्यात राहून फादर थॉमस स्टीफन्स यांनी ओवीत ख्रिस्तपुराण रचले. ते १६१६ साली प्रथम छापले गेले. त्या काळी युरोप याच प्रश्नावर दुभंगला होता. केवळ श्रद्धेने तारण होते, असे ल्यूथरचे म्हणणे. १५४७ साली त्रेंतच्या परिषदेने ते नाकारले. कृपेला माणसाच्या होकाराची आणि सत्कृत्यांची जोड हवी, असे ठरविले. पुढे १९९९ साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे कॅथलिक चर्च आणि ल्यूथरन महासंघ यांनी संयुक्त निवेदनावर सह्या केल्या : तारण कृपेने, श्रद्धेच्या द्वारे, सत्कृत्ये हे त्याचे फळ. साडेचारशे वर्षांच्या वादातून निघालेले हे उत्तर अजामिळाच्या उत्तरार्धाजवळ येते, याची मला मौज वाटते.

आपल्या शेजारच्या कन्नड परंपरेने हा तिढा निराळ्या रीतीने सोडविला. बाराव्या शतकातील बसवण्णांच्या एका प्रसिद्ध वचनात स्वर्ग-नरक हे आचार-अनाचारांहून वेगळे मानलेलेच नाहीत. शरणांनी कायक, म्हणजे प्रामाणिक कष्ट, आणि दासोह, म्हणजे त्यातून मिळालेले विनम्रपणे इतरांना वाहणे, यांनाच भक्तीचे रूप दिले. मग श्रद्धा की वर्तन हा प्रश्नच उरत नाही.

हा वाद पोथीपुरता नाही. आमच्या नात्यातील एक गृहस्थ देवळाची पायरी क्वचितच चढत. पण अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या लिंगायत शेजाऱ्याला त्यांनी कित्येक वर्षे रोज सकाळी अंघोळ घातली. ते वारले. घरात गरुडपुराणाचे वाचन चालू असता एक वडीलधारे म्हणाले, "शेवटी तोंडात नाव नव्हते हो. गती कशी मिळायची?" आत बसलेल्या त्यांच्या पत्नीने ते ऐकले. भेटायला आलेली शेजाऱ्यांची सून तिच्याजवळ सरकून म्हणाली, "काकू, काकांनी आमच्या मामंजींचं केलं ते दासोहच की हो."

त्या वडीलधाऱ्यांनी अजामिळ शंभरदा ऐकला असेल. तरी बोलले ते यमदूतांच्या बाजूने. भागवतात तर यमधर्म आपल्या दूतांना बजावतो की आपल्याहूनही वरचा कोणी आहे. माझ्या मते या सर्व कथांतून निघणारी रीत अशी : स्वत:साठी वर्तनाचे माप वापरावे, दुसऱ्यासाठी कृपेचे. आपण बहुधा उलटे करतो. स्वत:ला शेवटच्या हाकेची सवलत देतो आणि मेलेल्या माणसाची वही उघडून बसतो.

एक दोष मात्र या कथेच्या पदरात घालावाच लागेल. पहिला संसार टाकला म्हणून रडणारा अजामिळ गंगाद्वारी जाताना दुसराही टाकून जातो. त्या दासीचे आणि दहा मुलांचे पुढे काय झाले, हे भागवत सांगत नाही. वर्तनाच्या कसोटीवर ही जागा आजच्या वाचकाला खटकलीच पाहिजे. ज्या मुलाच्या नावाने बाप तरला, त्या छोट्या नारायणाला त्या दिवसानंतर कोणी हाक मारली असेल? कीर्तनकारांनी अजामिळ जरूर लावावा. फक्त बुक्का लावण्यापूर्वी गंगाद्वार सांगावे, आणि जमल्यास त्या पोराचीही आठवण काढावी.