परागंदा लेखकाची साक्ष

स्टेफान त्स्वाइग (१८८१–१९४२) यांचे ‘कालचे जग’ हे आत्मकथन म्हणजे केवळ गतवैभवाचे स्मरणरंजन, असे आम्हांस वाटत नाही. १९१४ पूर्वी पारपत्राविना हिंदुस्थान व अमेरिका पाहून आलेले हे व्हिएन्नाचे ज्यू लेखक, १९३८ साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत करताच इंग्लंडमध्ये देशहीन ठरले. कालपर्यंत जो हक्क होता, तो परक्या सरकारचा अनुग्रह झाला. ही व्यथा त्यांनी ज्या संयमाने मांडली आहे, त्यातच ग्रंथाचे मोल आहे. युरोपच्या ऱ्हासाचा दोष ते राष्ट्रवादाला देतात, तेही आम्हांस मान्य आहे.

मात्र एक उणीव नजरेआड करता येत नाही. फेब्रुवारी १९३४ मध्ये व्हिएन्नातील कामगारवस्त्यांवर तोफा डागल्या जात असता, शहरात असूनही आपण काही पाहिले नाही, असे ते स्वतःच सांगतात. कबुली प्रांजळ खरी. परंतु राजकारणाचा विटाळ मानणाऱ्याच्या दारीही राजकारण येतेच. त्याच महिन्यात साल्झबुर्ग येथील त्यांच्या घराची झडती झाली! हाना आरेन्ट यांनीही १९४३ साली त्यांच्या राजकीय अलिप्ततेवरच बोट ठेवले होते.

ज्यांचे आप्त परदेशी आहेत, त्या वाचकांनी हा ग्रंथ अवश्य वाचावा. लेखकाने जे पाहिले त्यासाठी, आणि जे पाहायचे राहिले त्यासाठीही.