पाळणा पाण्यावर, परीक्षण कागदावर

‘हा त्याचा पेटंट विनोद’ असं आपण म्हणतो, तेव्हा तो विनोद आपण शंभरदा ऐकलेला असतो. कायद्यात नेमकं उलटं. तिथे जे आधी कुणी केलेलं नाही, त्यालाच पेटंट. हे नवेपण तपासतो तो परीक्षक, आणि त्या तपासणीच्या रीतीवर मला आज टीका करायची आहे. उदाहरण जत्रेतल्या पाळण्याचं घेऊ. पुसेगावची जत्रा बघितलेल्या माणसाला आकाशपाळणा आणि टोराटोरा समजावून सांगावा लागत नाही.

समजा, कुपवाड एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरने नवा पाळणा बनवला. चाकं नाहीत, रूळ नाहीत. बसायची गोल टोपली पाण्याच्या पातळ थरावर राहते, आणि खालच्या नोझलमधून येणारा झोत तिला उचलतो, ढकलतो, फिरवतो. पेटंट एजंट अर्जात लिहितो, ‘द्रायूच्या आधारावर चालणारी करमणुकीची यंत्रणा’. द्रायू हा आपल्या शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातला शब्द, द्रव आणि वायू दोन्ही मिळून. एजंटला तो आवडतो, कारण एका शब्दात पाणी आलं आणि हवाही आली. दावा जितका रुंद, तितकं कुंपण मोठं.

पण कुंपण लांब टाकलं की दुसऱ्यांची झाडंही आत येतात! परीक्षक आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला ए 63 जी 21/18 हा कप्पा उघडतो. पाण्याच्या घसरगुंड्या तिथे ठेवलेल्या असतात. पॉल बॉयटनने 1895 मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर उतारावरून पाण्यात झेपावणाऱ्या होड्या चालवल्या होत्या. थॉमस लॉक्टफेल्ड यांनी पंपाने फेकलेल्या पाण्याच्या पातळ पडद्यावर माणूस घसरवला, तो खेळ 1991 मध्ये टेक्सासच्या एका वॉटर पार्कमध्ये सुरूही झाला. शिवाय द्रायूत हवा येते, म्हणून कॉकरेल यांचं 1950 च्या दशकातलं हॉवरक्राफ्टही समोर उभं राहतं. मग एजंट मागे सरतो. नोझलचा कोन लिहितो, टोपलीच्या तळाचा आकार लिहितो, दावा अरुंद करतो. हे चांगलंच आहे. कलम 3(फ) म्हणतं की माहीत असलेली साधनं नुसती शेजारी मांडली आणि प्रत्येक जण आपापलं जुनंच काम करत राहिला, तर तो शोध नाही. पंप पंपाचं काम करतो, टोपली टोपलीचं, तर पेटंट कशाला? पण तोच झोत टोपली उचलतो आणि कडेने परत वळून तिला भिंतीवर आपटण्यापासून वाचवतोही, असं असेल तर विचार करावा लागतो. इथवर परीक्षणाबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार पुढे आहे. कलम 13 परीक्षकाला शोध घ्यायला सांगतं तो आधीच्या अर्जांचा आणि प्रसिद्ध झालेल्या दस्तऐवजांचा. म्हणजे कागदाचा. आता कृष्णाकाठचा माणूस गूळ करायच्या काहिलीत बसून नदी ओलांडत आला. काहील गोल असते. वल्हं नीट मारलं नाही तर ती जागच्या जागी गरगर फिरते. सुक्या भोपळ्यांची सांगड होती, पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकणं होतं. हे परीक्षकाच्या पडद्यावर कुठे येणार? काहिलीचं स्पेसिफिकेशन कुणी लिहून ठेवलंय?

लगेच छाती फुगवू नका. ‘आमच्याकडे सगळं आधीच होतं’ हा पुरावा नसतो. काहिलीत नोझल नव्हतं, आणि नोझलच्या कोनावर नेमका बांधलेला दावा काहील दाखवून पडणार नाही. पण ‘द्रायूवर तरंगणारी, फिरणारी गोल बैठक’ असा सैल दावा कुणी केला, तर ती दाखवता आली पाहिजे.

सांगलीच्या पेठेला याचा अर्थ लवकर कळायला हवा, कारण हळदीचं प्रकरण झालेलं आहे. 1995 मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं अमेरिकन पेटंट मिळालं. 1996 मध्ये सीएसआयआरने, डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना, त्याला आव्हान दिलं आणि 1997 मध्ये दावे फेटाळले गेले. आपण हा विजय म्हणून सांगतो, आणि तो आहेच. पण तो मिळाला कशावर? 32 संदर्भांवर! जुने ग्रंथ, आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला 1953 चा लेख. अमेरिकेचा तेव्हाचा कायदा परदेशातला नुसता वापर मोजतच नव्हता, छापील पुरावा हवा होता. घरोघरच्या आज्या साक्षीला आल्या असत्या तरी उपयोग शून्य.

आपला कायदा तसा उदार आहे. कलम 25(1) प्रमाणे पेटंट मिळण्याआधी कोणीही लेखी हरकत घेऊ शकतो. हे भारतात आधीच उघडपणे वापरात होतं, असं म्हणता येतं. स्थानिक समाजाच्या तोंडी ज्ञानाचाही आधार घेता येतो. पण म्हणजे काय झालं? कागदाचं ओझं परीक्षकाने उचललं आणि कागदाबाहेरचं सगळं आपल्या डोक्यावर ठेवलं. अर्ज साधारण 18 महिन्यांनी इंग्रजी जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो. म्हसवडच्या जत्रेत पाळणा उभारणारा मिस्त्री ते जर्नल चाळत बसेल, असं कुणाला वाटतं? आणि 2024 च्या नियमांनी तर अशा हरकतीलाही फी लावली. हे मला अजिबात पटत नाही.

हरकत वेळेत घेतली नाही तर काय होतं, ते भांड्यांच्या खटल्यात दिसतं. लेथवर भांडं घट्ट धरण्याच्या पद्धतीचं पेटंट 1951 चं. बिश्वनाथ प्रसाद विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती निव्वळ कारखान्यातली सुधारणा ठरवली आणि पेटंट रद्द झालं. निकालाचं साल 1978. सत्तावीस वर्षं!

त्याच निकालाने ‘त्या कलेतला जाणकार’ हा माणूस मध्यभागी आणला. त्याला जे सहज सुचेल, तो शोध नव्हे. पण पाण्याच्या पाळण्यात हा जाणकार कोण? किर्लोस्करवाडीला 1910 पासून कारखाना आहे, तिथला पंप जाणणारा माणूस, की जत्रेत पाळण्याचं वेल्डिंग करणारा? परीक्षकाच्या डोळ्यासमोर बहुधा तिसराच असतो, इंग्रजी स्पेसिफिकेशन वाचणारा. वेल्डरला सहज सुचणारी गोष्ट त्याला थोर वाटू शकते, आणि उलटही.

आता आपल्या कुपवाडच्या माणसाची दुसरी बाजू. त्याने पाळणा खरंच नवा केला, उत्साहाने पुसेगावला उभारला, दहा दिवस तिकिटं फाडली आणि मग अर्ज केला. संपलं. त्याच्याच जत्रेने त्याचं नवेपण खाल्लं. कलम 31 ची सवलत सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना आहे, जत्रेला नाही. कलम 32 वाजवी चाचणीपुरती एक वर्षाची मोकळीक देतं, तीही चाचणी लोकांत करणं गरजेचं असेल तरच. तिकीट लावून चालवलेला पाळणा चाचणी म्हणून सांगणं अवघड. म्हणून क्रम असा ठेवा: आधी अर्ज, तात्पुरत्या स्पेसिफिकेशनचा का होईना, मग बारा महिन्यांच्या आत पूर्ण, आणि जत्रा अर्जानंतर.

आणि ज्यांना पेटंट नकोच आहे, जुनाच पाळणा चालवायचा आहे, त्यांनी दरवर्षीच्या ग्रामपंचायतीच्या जागाभाड्याच्या पावत्या आणि तारखेचे फोटो फेकू नयेत. जोडीला यंत्रणेची दोन ओळी माहिती मराठीत लिहून ठेवावी. हरकतीच्या अर्जाला त्याच जोडायच्या असतात.