मंटोची एक कथा आणि कवडासची पाच मुले

सआदत हसन मंटो म्हटले की आपल्याकडे 'टोबा टेकसिंह', 'खोल दो' आणि 'ठंडा गोश्त' ही तीन नावे निघतात. फाळणीचा मंटो आणि खटल्यांचा मंटो. 'शाहदौले का चूहा' या त्याच्या लहानशा कथेबद्दल मराठीत मी फारसे कुणी बोलताना ऐकलेले नाही. उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवत असल्याने ती माझ्या हाती आली, तीही बी.एड. करत असताना. दोनेक वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका बैठकीत, जेवणाच्या सुट्टीत, मी ती मराठी शाळांतल्या सहकाऱ्यांना तोंडी सांगितली. ऐकून झाल्यावर एक ज्येष्ठ गुरुजी म्हणाले, "अंधश्रद्धेवर चांगला प्रहार केलाय." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. आज ते मत मला अपुरे वाटते आणि अपुरेपणा कुठे आहे हे सांगण्यासाठीच हे लिहिते आहे.

कथा थोडक्यात अशी. सलीमाचे लग्न एकविसाव्या वर्षी होते. पाच वर्षे होतात, मूल नाही. फातिमा नावाची मैत्रीण तिला गुजरातच्या शाहदौला दर्ग्याची वाट दाखवते. (हे गुजरात म्हणजे आपले शेजारचे राज्य नव्हे. पाकिस्तानातल्या पंजाबमधले ते एक शहर आहे.) मन्नत फळते, मुलगा होतो. गोरागोमटा, गालावर एक काळा डाग. पण मन्नतीची अट अशी, की पहिले मूल दर्ग्याला द्यायचे. दिले नाही तर पुढची मुले तशीच निपजतील ही भीती. तिथे दिलेली मुले लहान डोक्याची, न बोलणारी, भीक मागत फिरणारी 'चूहे' होतात. सलीमा मूल देऊन येते. पुढे अनेक वर्षांनी कुणीतरी एक चूहा तिच्या दारात आणतो. गालावर तोच डाग. ती पैसे मोजून त्याला सोडवून घेते. आणि तो पळून जातो.

मंटोने या मुलाच्या तोंडात जवळजवळ काहीच दिलेले नाही. आई त्याला ओळखते. तो आईला ओळखत नाही. ओळखण्यासाठी जे लागते तेच त्याच्याकडे उरलेले नाही. इथे मंटो हात आखडता घेतो, गळा काढत नाही, हे त्याचे मोठेपण मला मान्य आहे.

माझी अडचण वेगळी आहे. सलीमाचे मूल सुदृढ जन्मले होते. ते दर्ग्यात जाऊन चूहा झाले. डोक्याला लोखंडी टोपी घालून मुलांची कवटी वाढू देत नाहीत, असा समज पंजाबात पूर्वापार होता आणि कथा त्या समजावर उभी आहे. वैद्यकशास्त्र जे सांगते ते जास्त अवघड आहे. लहान डोक्याचे मूल जन्मतःच तसे असू शकते. रक्ताच्या नात्यात पिढ्यान्‌पिढ्या लग्ने होणाऱ्या घराण्यांत त्याचे प्रमाण वाढते. म्हणजे दर्ग्यात जी मुले दिसत त्यांतली बरीचशी तिथे बनवलेली नव्हती. घरात तशी जन्मली म्हणून तिथे आणून ठेवलेली होती. शाहदौला सतराव्या शतकातले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस औकाफ खात्याने दर्ग्याचा ताबा घेऊन मुले ठेवण्याची प्रथा बंद केली. मुले जन्मायची थांबली नाहीत. ती पुढे कुठे गेली, हा प्रश्न टोपीच्या दंतकथेत झाकून जातो.

आता कथा पुन्हा वाचा. सलीमाचे मूल जन्मतःच लहान डोक्याचे असते आणि तिने ते दर्ग्यात सोडले असते, तर आपल्या डोळ्यांत पाणी आले असते का? मला खात्री वाटत नाही. आपण रडतो ते हरवलेल्या सुदृढ मुलासाठी. दारात उभ्या असलेल्या मुलासाठी नाही.

हा दोष एकट्या मंटोचा असता तर मी लेख लिहिला नसता. 'चौकट राजा' (१९९१) हा चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी दूरदर्शनवर पाहिलेला आहे. दिलीप प्रभावळकरांचा नंदू कोण विसरेल? पण तो नंदूही लहानपणी चांगला होता, पडला आणि तसा झाला. आपल्या करुणेला तिथेही एक हरवलेला हुशार मुलगा लागतोच. जयवंत दळवींचे 'नातीगोती' हे नाटक या बाबतीत अधिक धीट आहे. मूल जन्मापासून तसेच आहे आणि आईबापांची ओढाताण दळवी लपवत नाहीत. तरी तेही आईबापांचे नाटक आहे. ज्या मुलाला आईबाप नाहीत, किंवा असून नाहीत, त्याच्यासाठी आपल्या साहित्यात जागा कुठे आहे? त्याच्याविषयी कोण बोलणार, हा लेखकापुढचा तांत्रिक प्रश्नसुद्धा आहे. निवेदकच मिळत नाही.

अशी मुले आहेत. २०१० साली ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात कवडास येथील मतिमंद मुलांच्या बालगृहात (त्या वेळचा सरकारी शब्द तसाच ठेवते) पाच मुलांचे मृत्यू झाले. कुपोषण आणि हेळसांड अशा बातम्या आल्या. मुंबई उच्च न्यायालयाने बातमीवरून स्वतःहून दखल घेतली आणि ती जनहित याचिका झाली. चौकशी भुकेची होती. ती करता करता मुलांवर लैंगिक अत्याचार झाल्याचेही उघड झाले. भूक नसती, मुले मेली नसती, तर ते दुसरे कुणाला कळले असते का?

पुढे न्यायालयाने टाटा समाजविज्ञान संस्थेच्या डॉ. आशा बाजपेयी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. राज्यातल्या अशा बालगृहांत जाऊन बघणे हे तिचे काम. त्यातूनच २०११ मध्ये पनवेलजवळ कळंबोलीच्या एका बालगृहातल्या मतिमंद आणि मूकबधिर मुलींवरचे अत्याचार बाहेर आले. मार्च २०१३ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने आरोपींना दोषी ठरवून संस्थाचालकाला फाशी सुनावली. उच्च न्यायालयात ती फाशी राहिली नाही. या खटल्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट शिक्षा नाही. त्या मुलींनी तज्ज्ञांच्या मदतीने साक्ष दिली, ही आहे. ज्यांना साहित्यात निवेदक सापडत नाही, त्यांना न्यायालयात दुभाषी सापडला. लेखक म्हणवणाऱ्यांनी याची थोडी लाज वाटून घ्यायला हरकत नाही.

भाषेचेही पाहा. अशा बातमीत 'दगावली' हे क्रियापद हमखास येते. आमच्या खानदेशात दुष्काळात गुरे दगावतात, साथीत कोंबड्या दगावतात. तान्ही मुले दगावतात. मोठा माणूस दगावल्याचे क्वचितच लिहितात, तो मरण पावतो, त्याचे निधन होते. शिवाय दगावणे आपोआप घडते. त्याला कर्ता लागत नाही. जेवण कुणी दिले नाही, कुणी पाहायला गेले नाही, कुणी कागदावर 'ठीक' लिहिले, हे सारे या एका क्रियापदात विरघळते. वर मी स्वतः 'मृत्यू झाले' असे लिहिले आहे. तेही फारसे वेगळे नाही.

आणि इथेच माझ्या सहकाऱ्याचे 'अंधश्रद्धेवर प्रहार' हे वाचन कोलमडते. कवडासला मुजावर नव्हता. मन्नत नव्हती, चादर नव्हती. बाल न्याय कायदा होता, बाल कल्याण समिती होती, सरकारी खाते होते. सलीमाने मूल दर्ग्याच्या हवाली केले, इथे शासनाने संस्थेच्या हवाली केले. कागद चोख. दोन्हीकडे मूल एका हातातून दुसऱ्या हातात जाते आणि पहिला हात मोकळा होतो. मंटोच्या कथेत मी पूर्वी ज्याला उणीव समजत होते ती जागा आता मला कथेचा कणा वाटते. मूल दिल्यावर कथा आईबरोबर घरी येते. दर्ग्यातली मधली वर्षे मंटो दाखवतच नाही. ती कुणीच पाहिली नाहीत, म्हणूनच तो चूहा दारात येतो तेव्हा इतका अनोळखी असतो. तपासणीला अधिकारी जातो तेव्हा तोही अंगण आणि कार्यालय पाहून परत येतो. मधली वर्षे त्यालाही दिसत नाहीत.

आपल्या लोकांपुढे हे मांडताना दर्ग्याची बाजू झाकावी असे मला मुळीच वाटत नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एरवाडी दर्ग्याजवळच्या एका आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले मनोरुग्ण पळू शकले नाहीत. अठ्ठावीस माणसे गेली. ती मुले नव्हती, मोठी माणसे होती, पण घरच्यांनी आणून सोडलेलीच. होळीच्या सुमारास आमच्याकडून बुलढाणा जिल्ह्यातल्या सैलानीला जाणाऱ्या गर्दीत दोरीने हात बांधलेला एखादा जण असतोच. त्याच्या शेजारी त्याची आई बसलेली असते, हेही मी पाहिले आहे. त्या आईला अंधश्रद्धाळू म्हणून मोकळे होणे सोपे आहे. तालुक्याच्या गावी तिला मनोविकारतज्ज्ञ कोण दाखवणार, औषधाचा खर्च कोण करणार, तिची मजुरी बुडते त्याचे काय, हे विचारणारा सापडत नाही. एक गोष्ट मात्र तिच्या बाजूने सांगायला हवी. ती दोरीचे दुसरे टोक सोडत नाही.

उलट उदाहरण दूरचे नाही. अमरावती जिल्ह्यात अचलपूर तालुक्यातल्या वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर बेवारस अपंग मुलांना सांभाळतात. तिथल्या मुलांना त्यांनी स्वतःचे आडनाव दिले आहे. अठरा वर्षे पूर्ण झाली की बालगृहातून बाहेर, या नियमाविरुद्ध ते वर्षानुवर्षे बोलत आले. मतिमंद मूल अठराव्या वाढदिवशी शहाणे होत नाही, इतका साधा मुद्दा. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्या जळगावच्या रेल्वे स्थानकावर टाकून दिलेली एक दृष्टिहीन मुलगी त्यांच्याकडेच वाढली आणि २०२४ मध्ये लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली. जळगावात याची बातमी कौतुकाने वाचली गेली. तिला स्थानकावर कुणी टाकले याबद्दल कुणाला फारशी उत्सुकता दिसली नाही. असो. हा दाखला मी वझ्झरची आरती ओवाळण्यासाठी देत नाही. एका माणसाच्या आयुष्यभराच्या चिवटपणावर राज्यभरातल्या मुलांचा हिशेब चालू शकत नाही. पण आडनाव देणे म्हणजे काय हे मला त्यातून कळले. ज्याच्या नावाने मूल ओळखले जाते, त्याला विचारता येते, मूल कुठे आहे? सलीमाच्या मुलाची सगळी नोंद गालावरच्या एका काळ्या डागात होती.

आपल्या समाजात 'अमानत' हा शब्द फार वापरला जातो. मुलगी अमानत, पैसा अमानत, मशिदीचा गल्ला अमानत. अमानत ठेवणारा माणूस अधूनमधून येऊन ती आहे ना, एवढे बघतो. किमान पैशाच्या बाबतीत तरी बघतो.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. चौथीत पटावर होता, वर्गात आठवड्यातून एखाद्या दिवशी यायचा. मान सावरत नसे, बोलणे अस्पष्ट. शेवटच्या बाकाला टेकून बसायचा आणि कविता म्हणताना सगळ्यांच्या मागे एक शब्द राहून हसायचा. दिवाळीच्या सुट्टीनंतर आलाच नाही. त्याची आई एकदा बाजारात भेटली, केळी निवडत होती. म्हणाली, "टीचर, उसको एक संस्था में रखे. अच्छी जगह है, खाना-पीना सब है." मी म्हटले, बरे झाले. खरेच बरे वाटले मला. माझ्या वर्गात पन्नासवर मुले आहेत आणि त्याला उचलून मुतारीपर्यंत नेणारी मी एकटी होते.

कोणती संस्था, कुठल्या गावी, हे मी विचारले नाही. पुढे ते कुटुंब कामासाठी सुरतेकडे गेले.

हा लेख लिहायला घेतल्यावर मी शाळेत जनरल रजिस्टर काढून पाहिले. त्याच्या नावापुढे शेऱ्याच्या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिले आहे : 'सतत गैरहजर. नाव कमी केले.'